खोली क्रमांक बारा येथील कासवाचे मोहिमेची हकीकत

हुजूर प्राचार्यबाईसाहेब, कॉलेजचे तिन्ही मजल्यांचे आणि लिफ्टचे किल्लीचे अखंड धनी, यांचे सेवेशी खोली क्रमांक बाराचे मास्तर यांजकडून विज्ञापना ऐसीजे. हुजुरांचा खलिता ईमेलाचे द्वारे पावला, आणि त्यात आज्ञा की, मंगळवारचे तिसरे तासास काय जाहले ते दप्तरी ठेवण्यास यथासांग लिहोन पाठवणे, आणि अखेरीस जी एक गोष्ट पुसली आहे तीस संमती आहे किंवा नाही तेही कळवणे. त्यास, ती गोष्ट अखेरीसच येईल. येथे लिहिणार आणि लढणार असामी एकच, सबब मास्तरांचे पराक्रमाचे वर्णनात काही उणे पडेल अशी चिंता हुजुरांनी न करावी. परंतु रणांगणी एकोणतीस विद्यार्थी मोबाइलसह हजर होते, आणि त्यांतील निदान चौघांनी चित्रण केले, सबब थापा मारण्यास जागा राहिली नाही. पूर्वीचे बखरकारांस ही अडचण नव्हती.

प्रथम मास्तरांचा पूर्ववृत्तांत. मास्तर अठरा वर्षे खेळ आणि करमणूक यांचे मार्केटिंग हा विषय शिकवीत आले. म्हणजे सामन्याची तिकिटे कशी खपवावी, आणि गायिकेचे दौऱ्याचा डांगोरा कसा पिटावा, आणि खेळाडूचे छातीवर कोणते कंपनीचे नाव छापावे, इत्यादी विद्या. खुद्द मास्तरांनी उभ्या जन्मात एकच वस्तू विकली, ती जुनी सायकल, तीही सख्ख्या मेहुण्यास, आणि तेव्हापासून मेहुणा लग्नकार्यात भेटला तरी खुर्ची फिरवून बसतो. मैदानावर जाऊन सामना तीन वेळा पाहिला, त्यांत एकदा चुकून पाहुण्या संघाचे प्रेक्षकांत बसले आणि मध्यंतरात उठून आले. ऐसे असूनही विषयावर जीव मोठा. फळ्यापुढे उभे राहिले म्हणजे मास्तरांस आपण कोणीतरी आहो असे वाटे, आणि तास संपला म्हणजे ते वाटणे जिना उतरेपर्यंत टिके.

त्यांची शिकविण्याची रीत ऐसी की, प्रत्येक तासाचा आरंभ धंद्यातील ताज्या बातमीने करावयाचा. वर्तमानपत्रातील कात्रण घ्यावे, त्यास दोन्ही बाजूंनी प्लास्टिक चढवावे, म्हणजे लॅमिनेशन करावे, आणि वर्गात फिरवावे. कात्रण टिकावे हा हेतू. कात्रण टिकले, बातमी टिकली नाही, हे मास्तरांचे ध्यानी बहुत उशिरा आले. गेले महिन्यात एक नामांकित गायिका निरोपाचा दौरा करणार ही ताजी खबर म्हणोन त्यांनी वर्गात फिरविली, आणि निरोपाचे मार्केटिंग यावर पाऊण तास जीव तोडून बोलले. मग तिसऱ्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली. ती सर्व व्याख्याने मोबाइलवर दुप्पट वेगाने ऐकते, सबब मास्तर तीस मनातल्या मनात दुप्पटवाली म्हणत.

"सर, ही बाई त्यानंतर दोनदा परत आली, आणि दोनदा रिटायर झाली," ती म्हणाली. "आता तिसऱ्यांदा आलीये."

मास्तरांनी कात्रण उलटून पाहिले, तो तारीख सहा वर्षांमागील. वर्गात हास्याचा ऐसा गलबला जाहला की शेजारील खोलीतून खडूची पेटी आपटल्याचा आवाज आला.

ही वार्ता हुजुरांचे कानी गेली. त्याच समयी दूरदेशीचे एका थोर प्राध्यापकाचे चित्रफितींचा संच हुजुरांचे दरबारी नमुन्यादाखल येऊन पडला होता. बत्तीस व्याख्याने, मागे निळा पडदा, कपाळावर घामाचा थेंब नाही. हुजुरांनी विद्यार्थ्यांचा कल घेतला, तेव्हा दुप्पटवालीने भर वर्गात सांगितले, "व्हिडिओ दुप्पट वेगाने लावता येतो. सरांना नाही लावता येत." मग फर्मान सुटले की, मंगळवारी तिसरे तासास हुजूर स्वतः शेवटल्या बाकावर बसतील, आणि तासाअखेर प्रत्येक विद्यार्थ्याने चिठ्ठीवर मास्तर किंवा चित्रफीत यांपैकी एक लिहावे, आणि ज्याची सरशी होईल त्याने पुढे शिकवावे. मास्तर हरल्यास त्यांची रवानगी परीक्षा विभागात, तळघरात, जेथे उत्तरपत्रिकांचे गठ्ठ्यांस दोरी बांधण्याचे काम चालते. तेथे खिडकी नाही, आणि बोलावयास माणूस नाही.

तेव्हा मास्तरांनी प्रतिज्ञा केली की, मंगळवारची बातमी मंगळवारचीच असेल, आणि तीस प्लास्टिक लावणार नाही. पहाटे सहास उठले, चष्मा लावला आणि मोबाइलवर खबरा धुंडाळू लागले, तो अवघे चाळीस मिनिटांचे वयाची एक बातमी हाती लागली. परमुलखात समुद्रकाठी एक फुटबॉल क्लब आहे. त्याचा शुभंकर, ज्यास धंद्यात मॅस्कॉट म्हणतात, तो एक कासव. म्हणजे कासवाचा पोशाख घालोन एक गृहस्थ बावीस वर्षे मैदानाभोवती फिरतो आणि पोरांस हात दाखवितो. क्लबाने त्या गृहस्थास कायमची रजा दिली, आणि त्याचे जागी पडद्यावर नाचणारे संगणकी कासव नेमिले. मास्तरांचा आनंद गगनात मावेना. बातमी ताजी, चित्रे झकास, आणि मुद्दे तर आपोआप सुचू लागले. चहा निवेपर्यंत त्यांनी चौतीस स्लाइडी रचिल्या, आणि प्रत्येकीत संगणकी कासवाची तरफदारी केली.

मास्तरांचे घरच्या बाईसाहेब पावाला लोणी लावीत होत्या. त्यांनी खांद्यावरून पडद्यावर नजर टाकिली आणि म्हणाल्या, "अहो, पण हे काढून टाकलेलं कासव म्हणजे तुम्हीच की."

"तुला मार्केटिंगमधलं काय कळतं?" मास्तर म्हणाले.

"मला नाही कळत. पण तुमच्या मेहुण्याला सायकल मी नव्हती विकली."

मास्तरांनी हे बोलणे चहाबरोबर गिळले, आणि इस्त्रीचा निळा शर्ट चढविला, आणि लॅपटॉप काखोटीस मारून स्कूटरवर स्वार होऊन कूच केले. वाटेत दोन सिग्नल लाल लागले, तेथे त्यांनी हेल्मेटाचे आतच व्याख्यानाची उजळणी केली, आणि शेजारचे रिकाम्या बसचा चालक काच खाली करोन पाहू लागला.

आता रणभूमीचे वर्णन. खोली क्रमांक बारा पहिले मजल्यावर, स्वच्छतागृहाचे शेजारी. बाके पंधरा, पैकी एकाचा पाय घडी केलेल्या कागदाने सावरलेला. फळ्यावर आदले तासाच्या बेरजा कोणी पुसल्या नव्हत्या. फळ्यापुढे लाकडी चौथरा, वीतभर उंच, आणि त्यावर उभे राहण्याचा मान अठरा वर्षे मास्तरांचा. पिछाडीस हुजूर, हाती वही. मध्यभागी विद्यार्थी. त्यांत खिडकीपाशी एक ताडमाड मुलगा, जो कॉलेजचे संघात गोल राखतो आणि एरवी वर्गात झोप राखतो. त्यास सर्वत्र गोलकीपर म्हणत. घंटा जाहली आणि मास्तरांनी प्रोजेक्टर पेटविला.

आरंभ उत्तम जाहला. मास्तरांनी ताजी बातमी सांगितली, तीस केवळ पाच तास जाहले होते, आणि दुप्पटवालीने मोबाइलवर तारीख ताडून पाहिली आणि ती मान्य करोन खाली बसली. मास्तरांस चेव आला. आवाज चढला, हात फिरू लागले, आणि ते अकरावे स्लाइडीवर आले. तीवर मथळा होता, संगणकी शुभंकराचे फायदे. मास्तर एकेक फायदा गर्जून सांगू लागले की, हा थकत नाही, आणि हा रजा मागत नाही, आणि याचे गुडघे दुखत नाहीत, आणि हा चाळीस शहरांत एकाच वेळी हजर राहतो, आणि नको जाहला तर बटण दाबोन बंद करता येतो. हुजुरांचे वहीत लेखणी झरझर धावू लागली. मास्तर मनी म्हणाले, मर्जी बसली.

मग बारावी स्लाइड आली. मथळा, मनुष्यधारी शुभंकराचे तोटे. मास्तर वाचू लागले की, वय चौपन्न; चाल मंद; तेच ते विनोद बावीस वर्षे; नव्या पिढीस कंटाळा. येथवर वाचिले आणि मास्तर थबकले. मास्तरांचे वय चौपन्न. त्यांनी शेवटल्या बाकाकडे पाहिले, तो हुजूर वहीतून मान वर करोन त्यांजकडेच पाहत होत्या, आणि नजरेत एक विलक्षण दया होती. तो समय मास्तरांस ब्रह्मांड आठवले. लोणी लावणाऱ्या बाईसाहेब आठवल्या. ज्या फांदीवर बसलो तीच आपण गेली वीस मिनिटे गर्जना करीत कापीत आहो, आणि तीही चित्रांसह, हे त्यांस लख्ख दिसले.

माघार घ्यावी म्हणोन त्यांनी रिमोटाचे बटण दाबिले, तो स्लाइड हलेना. पुढे जाईना, मागे जाईना. मग लॅपटॉपाचे बटण दाबिले, तो अक्षरे मोठी जाहली, आणि वय चौपन्न हे शब्द भिंतभर पसरले. मास्तरांनी कापडी डस्टराने भिंत पुसण्याचा प्रयत्न केला काय, ऐसे पुढे कोणी पुसले, त्यास, केला.

इतक्यात दुप्पटवालीने हात वर केला. मास्तरांनी मनी म्हटले, आता जे काही उरले आहे ते ही घेऊन जाणार.

"सर," ती म्हणाली, "कासव परत आलंय."

"कुठे?" मास्तर दचकून म्हणाले आणि दाराकडे पाहू लागले.

वर्गातील एकोणतीस मोबाइल एकदम बाहेर निघाले. गोलकीपर कधी नव्हे तो जागा जाहला आणि उभा राहून वाचू लागला. वृत्तांत ऐसा की, क्लबाचे फाटकापुढे सकाळपासून हजारो माणसे जमली, आणि प्रत्येकाने पाठीस काही ना काही बांधले होते. कोणी घमेले, कोणी धुण्याची टोपली, कोणी उशी, एका आजीबाईंनी तर पावाचा डबा. आणि कोणी घोषणा दिली नाही, दगड मारला नाही, नुसते कासवासारखे बसून राहिले. चार तास बसले. मग क्लबाने गुडघे टेकिले, माफीपत्र काढिले, आणि त्या गृहस्थास पुन्हा बोलाविले. ही माफी मास्तर अकरावे स्लाइडीवर असता निघाली. म्हणजे बातमी या खेपेस ताजी होती, परंतु ती मास्तरांचे तोंडातच शिळी जाहली.

आता मास्तरांपुढे तीन वाटा. एक, हे आधीच ठाऊक होते ऐसा आव आणणे; परंतु भिंतीवर पुरावा होता. दुसरी, घेरी आल्याचे सोंग करणे. परंतु मास्तरांस सोंगही साधत नाही. तिसरी तेवढी उरली. मास्तरांनी प्रोजेक्टरची तार ओढून काढिली, भिंत पांढरी जाहली, आणि ते म्हणाले, "अर्धा तास मी चुकीचं सांगत होतो. सगळे फायदे बरोबर होते, तरी क्लब तोंडावर आपटला. असं का झालं ते मला ठाऊक नाही. तुम्ही सांगा."

अठरा वर्षांत मास्तरांनी वर्गास असे कधी पुसले नव्हते, सबब वर्गास ते खरे वाटेना. मग गोलकीपर म्हणाला, "सर, मी त्या क्लबचे सामने बघतो. ते कासव प्रत्येक सामन्याआधी तिसऱ्या पायरीवर अडखळतं. बावीस वर्षं. लोक त्यासाठी अर्धा तास आधी येतात."

"मुद्दाम अडखळतं का खरंच?" मास्तरांनी पुसले.

"कोणालाच माहीत नाही. त्यावर भांडणं होतात."

हे ऐकताच वर्गात खडाजंगी उडाली. एक म्हणे संगणकी कासवही अडखळविता येईल. दुसरा म्हणे, येईल, पण ते अडखळणार हे सर्वांस ठाऊक असेल, मग अर्धा तास आधी कोण मरायला जाईल. एक म्हणे क्लबाने कासवाचे पाठीवर एखादे कंपनीचे नाव छापिले तर त्या गृहस्थाचा पगार त्यातच निघेल. त्यावर तिघी तुटून पडल्या की, पोर मिठी मारते ती कासवास, जाहिरातीस नव्हे. दुप्पटवालीही बोलली. ती म्हणाली, "हे दुप्पट वेगाने बघता येणार नाही. तो कधी पडेल सांगता येत नाही, तेवढ्यात निसटून जाईल." मास्तरांस वाटले, ही पोरगी आपला विषय आपणापेक्षा बरा जाणते, आणि वाईट वाटण्याऐवजी त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी आदले तासाच्या बेरजा पुसल्या आणि फळ्यावर मोठे अक्षरी लिहिले की, लोक तिकीट कशाचे काढतात? पुढे काय होईल ते ठाऊक नसल्याचे.

वाक्य बरे साधले ऐसे वाटोन, ते दुरून कसे दिसते हे पाहावयास मास्तर एक पाऊल मागे सरले. मग दुसरे पाऊल. मग तिसरे, आणि तेथे चौथरा संपला होता.

मास्तर पडले. प्रथम डावा पाय हवेत गेला, आणि मग मार्कर गेला, आणि मग चष्मा, आणि अखेरीस खुद्द मास्तर पहिल्या बाकाचे पायथ्याशी धारातीर्थी पडले. घडी केलेला कागद निसटून ते बाकही एकीकडे कलले.

"सर, लागलं का?"

"लागलं," मास्तर भुईवरून म्हणाले.

मग वर्ग हसला. परंतु हे हसणे निरोपाचे दौऱ्याचे हसणे नव्हे, हे मास्तरांस पडल्या जागी कळले. चौघे धावत आले, चष्मा सापडला, आणि दुप्पटवाली बाकावरून वाकून डोळे बारीक करोन म्हणाली, "सर, एक सांगा. मुद्दाम पडलात का खरंच?"

ज्या मास्तरांस जन्मात सायकल धड विकता आली नाही, त्यांस त्या क्षणी आपला विषय कळला.

"सांगणार नाही," ते म्हणाले.

वर्गाने बाके बडविली. हुजुरांनी वही तोंडापुढे धरिली, आणि वहीचे मागे खांदे हलत होते. हे लिहिण्याची गुस्ताखी माफ असावी, चित्रणात दिसते.

चिठ्ठ्या मोजिल्या, त्यांत मास्तर एकवीस, चित्रफीत सात, आणि एका चिठ्ठीवर अक्षर नाही, नुसते कासव काढिलेले. ते कोणते बाजूस धरावे यावर मसलत होऊन हुजुरांनी ते मास्तरांचे बाजूस धरिले. दुप्पटवालीने आपण होऊन सांगितले की तिने चित्रफीतच लिहिली. "तुम्ही भारी आहात सर, पण मला बसने यायला दीड तास लागतो." हे कारण मास्तरांस मान्य जाहले. येणेप्रमाणे मंगळवारी तिसरे तासास, बावीस विरुद्ध सात अशी मास्तरांची फत्ते जाहली, कामी आले ते एक मार्कर, एक बाक व एक गुडघा, विषय वाचला. मास्तर लंगडत जिना उतरले, आणि या खेपेस आपण कोणीतरी आहो हे वाटणे स्कूटरपर्यंत टिकले.

आता ती अखेरची गोष्ट. बुधवारी हुजुरांचे फर्मान आले की, सदर तास बहुत रंगला, सबब तोच तास कॅमेऱ्यापुढे पुन्हा करावा, पडण्यासुद्धा, आणि त्याची चित्रफीत कॉलेजचे पुलापलीकडचे शाखेत पाठवावी. म्हणजे तेथे हाच विषय शिकविणाऱ्या बाईंस परीक्षा विभागात हलविता येईल. मास्तरांचे नाव वेबसाइटवर छायाचित्रासह झळकेल.

खोटे कशाला लिहावे, मास्तर हुरळले. दोन दिवस स्नानगृहाचे आरशापुढे छायाचित्राचे हसू बसवून पाहिले. घरी स्टुलावरून तीन वेळा पडून पाहिले. तीनही वेळा बाईसाहेब हसल्या नाहीत, तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "त्या पलीकडच्या बाई कासव नाहीत वाटतं?" आणि भाजी चिरू लागल्या. त्या बाईंस मास्तर एकदाच भेटले होते, पेपर तपासणीस, समोरासमोर टेबलावर. मास्तरांस ठसका लागला तेव्हा त्यांनी न बोलता आपली पाण्याची बाटली सरकविली होती. इतकीच ओळख. मास्तरांनी स्टूल जागेवर ठेविले, आणि त्यांस स्वतःची लाज वाटली.

त्यास उत्तर ऐसे की, संमती नाही. मुद्दाम पडणे मास्तरांस जमत नाही, आणि न पडता तोच तास पुन्हा होत नाही. आणि ज्यापासून आपण मंगळवारी जीव घेऊन सुटलो, ते शुक्रवारी आपल्याच तोंडाने दुसरीवर लादणे हे मास्तरांचे हातून होणे नाही. या नकारास्तव मंगळवारची फत्ते रद्द करणे असेल तर मास्तर तळघरात रुजू होण्यास हजर आहेत. भय वाटते, तरी हजर आहेत.

एकच अर्ज आहे. हुजूर आमचे तासास शेवटल्या बाकावर येऊन बसल्या, म्हणोन आम्ही वाचलो. तैसेच एके दिवशी पूल ओलांडून त्या बाईंचे तासासही बसावे. त्या कशा शिकवितात हे आजवर कोणी पाहिलेले नाही. मास्तर सोबत येतील, स्कूटरवर मागे जागा आहे. लेखन येथे संपविले. पायास शेक घेण्याची वेळ जाहली.